बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममधली ‘१९३६’ची फेरी : ओवेन्सच्या पुढे जाणारी, पण हॉकीपर्यंत न पोहोचणारी

बर्लिनचे ऑलिम्पिक स्टेडियम मार्गदर्शकासह दाखवणाऱ्या फेऱ्यांच्या जाहिरातींत एक वाक्य थोड्याफार फरकाने हमखास भेटते : जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूने चार सुवर्णपदके जिंकून हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचा इथे फज्जा उडवला. वाक्य खोटे नाही, मात्र ते फार सोयीचे आहे, आणि १९३६ च्या स्पर्धेवरची कोणतीही फेरी चांगली की वाईट हे ती या वाक्याच्या किती पुढे जाते यावरून ठरवावे, असे माझे मत आहे. मी घेतलेली फेरी एका छोट्या खासगी संस्थेची होती. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा फेरीची प्रत संस्थेच्या नावापेक्षा त्या दिवशी वाट्याला येणाऱ्या मार्गदर्शकावर अधिक अवलंबून असते. तेव्हा पुढचे परीक्षण फेरीच्या मांडणीचे आहे, कोणाची शिफारस किंवा बदनामी करण्यासाठी ते लिहिलेले नाही.

भुयारी रेल्वेची यू-२ ही गाडी आणि उपनगरी रेल्वे या दोन्ही स्टेडियमजवळ आणून सोडतात. फेरी सुरू होते ती पूर्वेकडच्या चौकात, दोन उंच मनोऱ्यांच्या मध्ये टांगलेल्या पाच वर्तुळांखाली. बाहेरून पाहताना इमारत अपेक्षेपेक्षा बुटकी वाटते, कारण मैदान आणि प्रेक्षागाराचा खालचा अर्धा भाग जमिनीच्या पातळीपासून सुमारे १२ मीटर खाली आहे. दाराशी उभे राहिले की पायांखाली एकदम प्रचंड दगडी वाडगा उघडतो. वास्तुरचनाकार वेर्नर मार्च यांनी हा परिणाम हिशेबाने साधला होता आणि १९३६ मध्ये सुमारे एक लाख प्रेक्षक या वाडग्यात बसत होते. नूतनीकरणानंतर, २००४ पासून, वर हलके छत आले, खाली निळी धावपट्टी आली आणि आसनसंख्या सुमारे ७४,००० झाली. याच निळ्या पट्टीवर २००९ मध्ये उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. त्या जागतिक स्पर्धेत अमेरिकन खेळाडूंच्या गणवेशावर ओवेन्सची ‘जेओ’ ही आद्याक्षरे होती. मार्गदर्शिकेने हा सगळा आधुनिक भाग झटपट उरकला, आणि तेच योग्य होते.

फेरीतील सर्वांत कल्पक गोष्ट आत शिरण्यापूर्वीच घडते. चौकातल्या फरसबंदीवर मार्गदर्शिकेने पिशवीतून एक कापडी फीत काढून अंथरली. फितीची लांबी ८.०६ मीटर, आणि शेवटाच्या अलीकडे तिला लाल दोऱ्याची एक गाठ होती. गाठ ७.८७ मीटरवर, म्हणजे १९३६ च्या लांब उडीत दुसऱ्या आलेल्या लुट्झ लाँगच्या उडीची, आणि फितीचे टोक जेसी ओवेन्सच्या उडीचे. मधले अंतर १९ सेंटिमीटर, जेमतेम वीतभर. पाचव्या प्रयत्नात लाँगने ७.८७ मीटर उडी मारून ओवेन्सशी बरोबरी साधली होती. त्यावर ओवेन्सने आधी ७.९४ आणि मग ८.०६ मीटरची उडी मारली. पदकांच्या तक्त्यात ‘सुवर्ण’ आणि ‘रौप्य’ एवढेच दिसते. जमिनीवर पसरलेल्या फितीवरून चालताना मात्र ही लढत किती अटीतटीची होती ते पायांना कळते. गटातल्या एका शाळकरी मुलाने धावत येऊन उडी मारून पाहिली आणि तो फितीच्या अर्ध्यापर्यंतही पोहोचला नाही, तेव्हा पुढचे व्याख्यान देण्याची गरजच उरली नाही.

लाँग हा उंच, सोनेरी केसांचा जर्मन, म्हणजे राजवटीच्या प्रचारचित्रातून उतरल्यासारखा तरुण. हरल्यावर हिटलरच्या देखत ओवेन्सचे अभिनंदन करायला तोच सर्वांत आधी पुढे आला आणि दोघे हातात हात घालून मैदानावरून चालले, हे छायाचित्रांसह नोंदलेले सत्य आहे. त्याला जोडून एक गोड कथाही सांगितली जाते : पात्रता फेरीत ओवेन्सचे प्रयत्न फुकट जात असताना लाँगने त्याला फळीच्या अलीकडून उडी मारण्याचा सल्ला दिला. पुढे स्वतः ओवेन्स ही कथा वर्षानुवर्षे रंगवून सांगत असे. अभ्यासकांनी मात्र तिच्याबद्दल रास्त शंका घेतली आहे. आमच्या मार्गदर्शिकेने कथा सांगितली, ती शंकाही सांगितली आणि मग त्या दोघांच्या मैत्रीला अशा पुराव्याची गरज नाही असे म्हणून ती पुढे गेली. दंतकथेवर गल्ला भरणाऱ्या धंद्यात हा प्रामाणिकपणा मला दुर्मीळ वाटला.

हस्तांदोलनाच्या प्रसिद्ध प्रकरणातही तिने हीच शिस्त पाळली. हिटलरने ओवेन्सशी हात मिळवायला नकार दिला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात घडले ते असे : २ ऑगस्टला, मैदानी स्पर्धांच्या पहिल्या दिवशी, हिटलरने गोळाफेक जिंकणारा जर्मन हान्स व्होल्के आणि १०,००० मीटर शर्यतीतले फिनलंडचे विजेते यांचे आपल्या कक्षात अभिनंदन केले. त्याच संध्याकाळी कॉर्नेलियस जॉन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूने २.०३ मीटर उंच उडी मारून सुवर्ण मिळवले, परंतु त्याला पदक मिळण्यापूर्वीच हिटलर निघून गेला होता. त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांनी ‘अभिनंदन करायचे तर सर्वांचे करा, नाहीतर कोणाचेच नको’ अशा अर्थाची समज दिली आणि हिटलरने दुसरा पर्याय स्वीकारला. ओवेन्सचे पहिले सुवर्ण त्यानंतरचे, ३ ऑगस्टचे. म्हणजे अवमान झालाच असेल तर तो जॉन्सनचा, आणि त्याचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही.

खरा अपमान मायदेशी झाला, हे सांगताना मार्गदर्शिकेने आवाज चढवला नाही, पण ती घाईही करत नव्हती. ज्या विद्यापीठासाठी ओवेन्स धावत होता त्याच्या वसतिगृहात त्याला राहता येत नव्हते. पदके घेऊन परतल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडून त्याला ना तार आली ना भेटीचे निमंत्रण. हे ओवेन्सने स्वतःच नंतर बोलून दाखवले. स्पर्धेनंतर पैसे उभे करण्यासाठी आखलेला युरोपातला दौरा अर्धवट सोडल्याबद्दल अमेरिकी क्रीडा संघटनेने त्याला निलंबित केले आणि पुढे पोटासाठी तो घोड्यांशी शर्यती लावू लागला. देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्याला मिळाला तो १९७६ मध्ये, मृत्यूच्या चार वर्षे आधी. स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला १९८४ मध्ये त्याचे नाव दिले गेले. तुलना करणे हे मार्गदर्शकाचे काम नव्हे. तिने तारखा सांगितल्या आणि ती गप्प बसली.

ओवेन्स एकटा नव्हता, हा या फेरीचा दुसरा चांगला मुद्दा. अमेरिकेच्या पथकात १८ कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि त्यांनी मिळून १४ पदके आणली. अमेरिकेची एकूण पदके ५६. धावपट्टीच्या कडेला उभे राहून मार्गदर्शिकेने जॉन वुडरफची ८०० मीटरची शर्यत सांगितली, आणि ती ऐकण्यासारखी होती. एकवीस वर्षांचा हा उंच तरुण घोळक्यात असा अडकला की बाहेर पडायला जागाच उरली नाही. मग तो जवळजवळ थांबला, सर्वांना पुढे जाऊ दिले आणि बाहेरच्या बाजूने वळसा घालून पुन्हा सर्वांच्या पुढे निघून गेला. वेळ १ मिनिट ५२.९ सेकंद. २०० मीटरमध्ये ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आलेला मॅक रॉबिन्सन हा पुढे बेसबॉलमध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा थोरला भाऊ, हेही तिथेच कळले. याच पथकातल्या लुइस स्टोक्स या धावपटूला मात्र बर्लिनपर्यंत नेऊन एकाही शर्यतीत उतरवले गेले नाही.

इथे फेरीतला सर्वांत अवघड प्रसंग येतो : ओवेन्सचे चौथे सुवर्ण. ४ गुणिले १०० मीटर रिलेसाठी सराव केलेल्या मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या दोघांना प्राथमिक फेरीच्या सकाळी संघातून काढले गेले आणि त्यांच्या जागी ओवेन्स व राल्फ मेटकाफ आले. प्रशिक्षकांचे कारण होते, जर्मन संघ छुपी ताकद राखून असेल. पण अमेरिकेच्या ॲथलेटिक्स पथकातले ज्यू खेळाडू हे दोघेच होते आणि प्रत्यक्षात जर्मन संघ अमेरिकनांपेक्षा बराच मागे राहिला. ३९.८ सेकंदांचा विश्वविक्रम झाला, ओवेन्सचे चौथे पदक झाले. वंशवादाला चपराक म्हणून जे पदक मिरवले जाते त्याच्याच पोटात दोन ज्यू मुलांना डावलल्याची गोष्ट आहे. फेरी ही गाठ सोडवायचा प्रयत्न करत नाही. गटातल्या एका गृहस्थांनी ‘मग हे प्रशिक्षक नाझींना घाबरले की स्वतःच तसे होते?’ असे थेट विचारले, तेव्हा मार्गदर्शिकेने ग्लिकमनचा स्वतःचा समज काय होता तेवढे सांगितले (त्याला आयुष्यभर यामागे ज्यूद्वेषच वाटत राहिला) आणि बाकी निर्णय ऐकणाऱ्यांवर सोडला.

याच्या जोडीला जी गोष्ट सविस्तर यायला हवी होती ती मात्र चालता चालता आटोपली गेली. ग्रेटेल बर्गमान ही जर्मन ज्यू खेळाडू. अमेरिकेने बहिष्कार टाकू नये म्हणून तिला इंग्लंडहून परत बोलावून जर्मन संघाच्या सरावात दाखवले गेले. जून १९३६ च्या अखेरीस तिने १.६० मीटर उंच उडी मारून राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली. जुलैच्या मध्यावर अमेरिकन पथकाचे जहाज न्यूयॉर्कहून निघाले आणि लगेच तिला पत्र आले की तिची कामगिरी पुरेशी नाही. ऑगस्टमध्ये या मैदानावर उंच उडीत पहिल्या तिघींची उंची किती होती? १.६० मीटर, तिघींचीही. बरोबरी फोडणाऱ्या उड्यांत सुवर्ण जिंकले ते इबोल्या चाक या हंगेरियन मुलीने, आणि ती ज्यू होती. मार्गदर्शिकेच्या तोंडून हे सगळे जिना उतरताना, दोन-तीन वाक्यांत आले. मागच्या निम्म्या लोकांना ते ऐकूही गेले नसावे. उडीच्या जागेसमोर उभे राहून पाच मिनिटे याला दिली असती, तर फितीच्या प्रयोगाइतकाच परिणाम झाला असता. तलवारबाजीतही असेच झाले. तिथे सुवर्ण मिळवणारी हंगेरीची इलोना एलेक आणि रौप्य मिळवणारी जर्मनीची हेलेन मायर या दोघींचेही वडील ज्यू होते, तरी मायरने पदक घेताना हात उंचावून नाझी सलामी दिली. राजवटीच्या बाजूने खेळून जिंकणाऱ्याच्या मनात काय चालत असेल, हा प्रश्न या फेरीत उभा राहण्याआधीच विरून गेला.

उलट वेळ वाया गेला तो मान्यवरांच्या कक्षासमोर. हिटलर जिथे बसत असे ती जागा दाखवणे अपरिहार्य आहे, हे मान्य. परंतु तिथे छायाचित्रे काढण्यासाठी गट जितका वेळ थांबला तितका वेळ फेरीत एखाद-दुसऱ्याच विजेत्याच्या वाट्याला आला, आणि ज्या फेरीचा विषय जिंकलेले खेळाडू हा आहे तिथे हे प्रमाण खटकते. दोष मार्गदर्शिकेचा कमी आणि गटाच्या आकाराचा जास्त. एवढ्या माणसांना कानाला लावायची ध्वनियंत्रे न देता नेणे ही संस्थेची काटकसर आहे, आणि वाऱ्याच्या दिवशी उघड्या प्रेक्षागारात ती चांगलीच बोचते.

फेरीचे पैसे वसूल होतात ते मॅरेथॉन दरवाजापाशी. स्टेडियमच्या पश्चिमेला प्रेक्षागाराची कड तुटते आणि छतालाही तिथेच खिंड आहे; ज्योतीचे मोठे पात्र त्या खिंडीत उभे आहे. या दरवाजाच्या दगडी भिंतींवर १९३६ च्या विजेत्यांची नावे कोरलेली आहेत. मार्गदर्शिकेने सर्वांना एवढेच सांगितले की मॅरेथॉनचा विजेता शोधा आणि त्याचा देश वाचा. नाव सापडायला वेळ लागला नाही. नावापुढे देश लिहिला आहे जपान. ती काही क्षण थांबली आणि मग म्हणाली की हा माणूस जपानी नव्हता.

सोन की-चुंग कोरियाचा. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, म्हणून त्याला जपानचा गणवेश घालून आणि नावाचा जपानी उच्चार ‘कितेई सोन’ असा लावून धावावे लागले. ९ ऑगस्टला, म्हणजे ओवेन्सने चौथे सुवर्ण जिंकले त्याच दिवशी, त्याने २ तास २९ मिनिटे १९.२ सेकंदांचा ऑलिम्पिक विक्रम करत शर्यत जिंकली. आधीच्या ऑलिम्पिकचा विजेता, अर्जेंटिनाचा झबाला, सुरुवातीला सुसाट पुढे गेला होता आणि नंतर शर्यत सोडून बसला. ब्रिटनचा अर्नी हार्पर दुसरा आला आणि तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियनच. पदक देताना जपानचे राष्ट्रगीत वाजले आणि दोन्ही कोरियन मान खाली घालून उभे राहिले. विजेत्यांना ओकचे रोप भेट मिळत असे. सोनने ते छातीशी असे धरले की गणवेशावरचे जपानी चिन्ह झाकले गेले. नाम पुढे म्हणत असे की त्याला सोनच्या सुवर्णाचा नव्हे, झाकायला मिळालेल्या त्या रोपाचा हेवा वाटला. विजयमंचावरचे ते छायाचित्र मार्गदर्शिकेने हातोहात फिरवले, आणि एकदा ही गोष्ट कळल्यावर त्यातल्या दोन झुकलेल्या मानांवरून नजर हटत नाही.

पुढचा भागही तिने नीट सांगितला. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियातल्या ‘दोंग-आ इल्बो’ या दैनिकाने सोनचे छायाचित्र त्याच्या छातीवरचा जपानी ध्वज पुसून छापले. पत्रकारांना अटक झाली आणि दैनिक सुमारे नऊ महिने बंद ठेवले गेले. १९७० मध्ये दक्षिण कोरियाचा एक लोकप्रतिनिधी रात्रीच्या वेळी या स्टेडियममध्ये शिरला, त्याने छिन्नीने भिंतीवरचे ‘जपान’ खरवडून काढले आणि तिथे ‘कोरिया’ कोरले. नंतर प्रशासनाने अक्षरे पूर्ववत केली. आज दिसते ते ‘जपान’ असे दुसऱ्यांदा कोरलेले आहे. १९८८ मध्ये सोलच्या उद्घाटन समारंभात शहात्तरीकडे झुकलेला सोन हातात ज्योत घेऊन उड्या मारत मैदानात आला, हे दृश्य अनेकांना आठवत असेल. मॅरेथॉनच्या विजेत्यासाठी ठेवलेले प्राचीन ग्रीक शिरस्त्राण १९३६ मध्ये त्याला दिलेच गेले नव्हते. बर्लिनच्या संग्रहालयात पडून राहिलेली ती वस्तू त्याच्या हाती १९८६ मध्ये आली. ओवेन्सच्या गोष्टीत अमेरिकन प्रेक्षकाला निदान शेवटी समाधान वाटून घेता येते. सोनची गोष्ट तशी सोय देत नाही : तो जिंकला, आणि जिंकलेला विजय दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाला. या भिंतीपाशी फेरीने जितका वेळ दिला तितका तो सार्थकी लागला.

दरवाजातून पलीकडे गेले की संचलनाचे विस्तीर्ण मैदान आणि टोकाला ७७ मीटर उंचीचा घंटामनोरा दिसतो. युद्धानंतर ब्रिटिशांनी १९४७ मध्ये तो पाडला आणि मार्च यांनीच १९६२ मध्ये तो पुन्हा उभारला. पडताना तडा गेलेली मूळ घंटा स्टेडियमच्या दक्षिण बाजूला जमिनीवर ठेवलेली आहे. जगातल्या तरुणांना हाक देणारे वाक्य तिच्या कडेवर आहे. मनोऱ्याच्या पोटात पहिल्या महायुद्धात पडलेल्या तरुण जर्मन सैनिकांचे स्मारकदालन १९३६ मध्येच बांधले होते. तरुणांना बोलावणारी घंटा आणि तिच्याखाली मेलेल्या तरुणांचे दालन ही रचना योगायोगाची नाही, हे मार्गदर्शिकेने स्पष्ट केले. लुट्झ लाँग जुलै १९४३ मध्ये सिसिलीत जखमी होऊन मरण पावला, हेही तिने इथेच सांगितले. मनोऱ्याचे तिकीट स्टेडियमच्या तिकिटात धरलेले नसते आणि फेरीच्या शुल्कातही नव्हते. आयत्या वेळी कळल्यामुळे काही जण खालीच थांबले. संस्थेने ही बाब आरक्षणाच्या वेळीच सांगायला हवी.

आता तक्रार. आपल्याकडून जाणाऱ्या वाचकाला ही फेरी एका बाबतीत रिकाम्या हाताने परत पाठवते. या स्पर्धेत भारतीय हॉकी संघाने ३८ गोल केले आणि संपूर्ण स्पर्धेत त्याच्यावर फक्त एक गोल झाला. अंतिम सामन्यात यजमान जर्मनीला त्याने ८-१ असे हरवले. पावसामुळे एक दिवस पुढे गेलेला हा सामना १५ ऑगस्टला झाला. ओवेन्सच्या शेजारी ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे, कारण गुलाम देशाचा संघ राजवटीच्या अंगणात यजमानांना धूळ चारून गेला. आणि सोनच्या शेजारी तर ती ठेवायलाच हवी, कारण ध्यानचंदच्या संघालाही परक्या सत्तेच्या ध्वजाखालीच खेळावे लागले. मार्गदर्शिकेने हॉकीचा उल्लेख आपणहून केला नाही. विचारल्यावर तिने सौजन्याने उत्तर दिले, पण ते ‘हो, भारत जिंकला होता’ यापलीकडे गेले नाही. हॉकीचे मैदान मुख्य स्टेडियमच्या बाहेर, पण त्याच क्रीडासंकुलात आहे. फेरी तिकडे वळत नाही.

जे हुकले ते साधे नव्हते. स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात याच जर्मन संघाने भारताला ४-१ असे हरवले होते आणि त्या धक्क्यानंतर अली दारा या खेळाडूला भारतातून तातडीने बोलावून घेण्यात आले. अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत भारताचा गोल फक्त एकच होता. सामन्याआधी कपडे बदलण्याच्या खोलीत संघाच्या व्यवस्थापनातले पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले, हे ध्यानचंद यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सोनने रोपाने ध्वज झाकला, इकडे अकरा जणांनी बंद दाराआड दुसरा ध्वज पाहून घेतला. या दोन गोष्टी एकाच आठवड्यातल्या, एकाच संकुलातल्या. ज्या फेरीला विजेत्यांच्या मनातले राजकारण दाखवायचे आहे तिने हे सोडावे हे आश्चर्यच. हिटलरने ध्यानचंदला लष्करात हुद्दा देऊ केल्याचा किस्सा मात्र मार्गदर्शिकेला कोणी विचारू नये, अशी माझी विनंती राहील. आपल्याकडे तो सांगणाऱ्यागणिक हुद्दा एक पायरी वर चढतो, आणि हस्तांदोलनाच्या कथेचे जे झाले तेच त्याचेही व्हायचे.

एक आणखी गोष्ट या फेरीत नाही, पण मराठी वाचकाने ती सोबत घेऊन जावी : अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक त्याच वर्षी बर्लिनला गेले होते आणि त्यांनी कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. ते पदकांच्या हिशेबात येत नाही, म्हणून मार्गदर्शिकेला दोष देता येणार नाही.

राजवटीच्या बाजूने फेरी काही लपवत नाही, हे नमूद केले पाहिजे. स्पर्धेच्या काळात रस्त्यांवरचे ज्यूविरोधी फलक काढले गेले, पण जुलैच्या मध्यावर बर्लिनमधल्या रोमा (ज्यांना जिप्सी म्हटले जाई) कुटुंबांना पकडून मार्झानच्या तळावर डांबले गेले आणि शहराच्या उत्तरेला झाक्सेनहाउसेनच्या छळछावणीचे बांधकाम त्याच उन्हाळ्यात सुरू झाले. पदकांच्या यादीत जर्मनी पहिला आला, हेही तिने सांगितले. हे वाक्य ऐकून गटातले बरेच जण चमकले, कारण जाहिरातीच्या वाक्यात ते बसत नाही.

कोणी जावे? ज्यांना १९३६ विषयी फक्त ओवेन्सचे नाव माहीत आहे त्यांच्यासाठी ही फेरी उत्तम आहे, आणि मैदानी खेळांची आवड असलेल्या मुलांना फितीचा प्रयोग नक्की आवडेल. ज्यांनी या विषयावर आधीच वाचले आहे त्यांना मॅरेथॉन दरवाजापर्यंतचा भाग परिचित वाटेल. त्यांनी मार्गदर्शकाशिवाय तिकीट काढून थेट त्या भिंतीपाशी वेळ घालवला तरी चालेल. फुटबॉलचा सामना किंवा संगीताचा कार्यक्रम असला की स्टेडियम पर्यटकांसाठी बंद असते, म्हणून तारीख आधी तपासावी. गटात उभे राहताना शक्यतो पुढे राहावे. आरक्षण करताना हॉकीच्या मैदानाबद्दल लेखी विचारावे, कारण मी निघताना मार्गदर्शिकेने कबूल केले की भारतीय पाहुणे विचारतात, पण तशी मागणी संस्थेपर्यंत कोणी पोहोचवत नाही.